लवंग जास्त झाली

मास्तरीण मोटार शिकवायची. अर्ध्या शहरानं तिच्या शेजारी बसून पहिला गिअर टाकला होता, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजूनही वळणावर तिचा आवाज कानात ऐकू यायचा. टपावर पिवळी पाटी असलेली एक गाडी आणि स्वतःच्या पायाशी बसवून घेतलेला जादा ब्रेक, एवढ्या भांडवलावर तिनं धंदा उभा केला होता. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, याचा तिच्या लेखी एवढाच अर्थ होता की ती आपण अजून केलेली नाही.

म्हणूनच नणंदेच्या वाढदिवसाला बाजारातली भेट घ्यायची नाही, सुगंधी तेलांची पेटी घरीच करायची, असं तिनं जाहीर केलं तेव्हा तिच्या नवऱ्यानं फक्त "बरं" म्हटलं. तो घरोघरी फिरून विजेचे मीटर वाचायचा, आणि चालू मीटरच्या मध्ये बोट घालू नये हे त्याला नोकरीनंच शिकवलं होतं.

"तुम्ही पेटी करा," ती म्हणाली. "आत कप्पे हवेत. बाटल्या एकमेकींवर आपटता कामा नयेत."

"आणि बाटल्यांत काय?"

"ते मी बघते."

नणंदेला घरात चिमी म्हणत. पन्नाशी दारात उभी होती, पण चिमीची काही चिमाबाई झाली नाही. तिनं लग्न केलं नाही, बेकरी केली. स्टेशनरीच्या दुकानामागच्या बोळात तिची भट्टी होती आणि वर दोन खोल्यांत ती राहायची. स्वभाव कडक. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि त्या नाकाचा तिला अभिमानही होता. दारातून आत पाऊल टाकायच्या आधीच ती ओरडायची, "तळचा तिसरा ट्रे काढा, कडा करपायला लागल्या." आणि खरंच लागलेल्या असायच्या. एखाद्या नवख्याच्या हे लक्षात आलं नाही, की तिचा ठरलेला प्रश्न यायचा, "नाक आहे का बटाटा?"

पण मागे तापानं झोपली, तेव्हापासून चिमी बदलली होती. ताप गेला, अशक्तपणाही गेला, तरी ती कुणाकडे जेवायला येईना. आली तर दोन घास खाऊन ताट सरकवायची. झोप नीट लागत नाही म्हणायची. बोलता बोलता मध्येच गप्प व्हायची. मास्तरणीनं ठरवलं की बाई दमली आहे. तिला झोप हवी, गरम पाण्याची अंघोळ हवी, आणि भट्टीचे चटके बसून राठ झालेल्या हातांना चांगला बाम हवा. रोगाचं निदान झालं, आता औषध करायचं एवढंच उरलं.

तेलांच्या दुकानातली बाई मास्तरणीची जुनी विद्यार्थिनी निघाली. उलटी गाडी घेताना खांबाला घासणारी. तिनं काउंटरवर छोट्या गडद बाटल्या मांडल्या: लॅव्हेंडर, गुलाब, लिंबू, निलगिरी, लवंग.

"हे थेट अंगाला लावायचं नाही हं," ती म्हणाली. "बदामाच्या तेलात थेंबाथेंबानं घालायचं. लवंगेला तर जास्तच जपायचं. कातडी भाजते."

"जास्त पडलं तर?"

"तर ते फेकायचं आणि परत करायचं."

हे मास्तरणीला पटलं. तीही विद्यार्थ्यांना साधारण असंच सांगायची.

शनिवारी सकाळी स्वयंपाकघराचा ओटा रिकामा झाला. पातेल्यात पाणी, पाण्यात वाडगा, वाडग्यात मेण आणि बदामाचं तेल. मेण विरघळून तेल सोनेरी, पातळ झालं की गॅस बंद करायचा, जरा निवू द्यायचं, मग सुगंधी तेलाचे थेंब घालून चपट्या डब्यांत ओतायचं. पहिला घाणा असा जमला की ती स्वतःवरच खूश झाली. एका काचेच्या बरणीत जाडं मीठ आणि निलगिरी, अंघोळीसाठी. फवाऱ्याच्या बाटलीत उशीवर मारायचं लॅव्हेंडरचं पाणी. मनगटावर फिरवायची एक बारकी बाटली, तिच्यात बदामाच्या तेलात गुलाब. दुसरी तशीच, लिंबाची.

घोटाळा बामाच्या दुसऱ्या घाण्यात झाला. थंडीत आखडलेल्या बोटांना ऊब यावी म्हणून त्यात लवंगेचे एक-दोन थेंब घालायचे होते. बाटलीच्या तोंडावरचं थेंब पाडायचं बूच सैल होतं. मास्तरणीनं बाटली उलटी केली, बूच सुटून वाडग्यात पडलं आणि त्याच्यामागोमाग अर्धी बाटली लवंग.

वास असा उसळला की बाहेरच्या खोलीत पेटीला पॉलिश करत बसलेल्या नवऱ्याला सलग शिंका सुरू झाल्या. खिडकीत झोपलेलं मांजर उठलं, दोघांकडे एकदा बघितलं आणि बाहेर निघून गेलं.

"दात काढायला बसल्यासारखं वाटतंय," नवरा डोळे पुसत म्हणाला.

"लवंग जरा जास्त झाली."

"जरा?"

मिश्रण घट्ट व्हायला लागलं होतं. नुसतं मोरीत ओतलं तर मोरी तुंबेल, म्हणून तिनं ते एका रिकाम्या डबीत काढून ठेवलं, कचऱ्याच्या दिवशी टाकू म्हणून. मग नाक चोळत तिसरा घाणा केला, आणि तो चांगला झाला. दुपारी ती शिकवायला गेली. नवऱ्याचं अक्षर मोत्यासारखं होतं, तेव्हा चिठ्ठ्या चिकटवायचं काम त्याच्याकडे. सगळ्या डब्या दिसायला सारख्या. शिंकांनी त्याचं नाक असं चोंदलेलं की कुठली डबी कुठली, हे हुंगून कळायची सोय नव्हती. त्यानं ओट्यावर दिसलेल्या डब्या ओळीनं उचलल्या, एकीवर सुरेख अक्षरात 'शांत झोप' लिहिलं आणि ती पेटीच्या मधल्या कप्प्यात बसवली.

रविवारी दुपारी चिमी आली. पेटी बघून ती खरोखर हरखली. भावानं केलेल्या बिजागऱ्या उघडून मिटून बघितल्या, कप्प्यांवरून बोट फिरवलं.

"दादा, हे तू केलंस? आणि वहिनी, एवढं सगळं तू?"

"उघडून तर बघ," मास्तरीण म्हणाली.

चिमीनं मधली डबी उचलली, चिठ्ठी वाचली आणि झाकण काढलं.

टेबलाच्या पलीकडे बसलेल्या भावाच्या डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरणीला तर वास यायच्या आधीच कळलं. झाकण निघताना बामाचा तपकिरी रंग दिसला होता. ती हात पुढे करणार, तेवढ्यात चिमीनं डबी नाकाजवळ धरली, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"वा," ती म्हणाली. "किती मंद आहे. लॅव्हेंडर ना?"

भावानं तोंड उघडलं. मास्तरणीनं टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. जादा ब्रेक दाबायची तिला सवयच होती. त्यानं तोंड मिटलं.

"दे इकडे ती," ती सहज म्हणाली. "झाकण नीट बसत नाहीये, बदलून देते." चिमीनं बाम हाताला लावायच्या आत डबी मास्तरणीच्या हातात आली. मग तिनं गुलाबाची बाटली काढली, चिठ्ठीवर अंगठा ठेवला आणि पुढे केली. "ही बघ. लिंबू आहे."

चिमीनं हुंगलं. "लिंबू म्हणजे काय विचारायलाच नको. एकदम ताजं."

भावानं बायकोकडे बघितलं. बायको चहा ओतत होती. तिच्या मनात मात्र मागच्या महिन्यांतल्या गोष्टी पटापट जागेवर बसत होत्या. नासलेल्या दुधाचा चहा, जो चिमीनं न बोलता संपवला होता. पुढे सरकवलेली ताटं. चिमीच्या गळ्यात हल्ली अडकवलेलं, वेळ झाली की वाजणारं छोटं घड्याळ. आपण हिला झोपेचं औषध करत बसलो, आणि बाईचं दुखणं भलतंच.

चिमी गेल्यावर नवरा म्हणाला, "तिला वास येत नाही."

"येत नाही."

"मग बोलली का नाही?"

"बोलेल," मास्तरीण म्हणाली. "उद्या बोलेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी, भट्टी निवते त्या वेळेला, तिनं बोळाच्या तोंडाशी गाडी उभी केली आणि चिमीला फोन करून खाली बोलावलं. "चल, जरा चक्कर मारून येऊ." गाडी शिकवताना एक गोष्ट तिच्या लक्षात आली होती: माणसं गाडीत खरं बोलतात. समोर रस्ता असतो, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.

गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्याला लागल्यावर ती म्हणाली, "चिमे, काल तू हुंगलंस ते लॅव्हेंडर नव्हतं. लवंग होती, अर्धी बाटली. तुझा भाऊ रडायचा बाकी होता. आणि लिंबू नव्हतं, गुलाब होता."

एक सिग्नल गेला, दुसरा आला.

"कधीपासून?" मास्तरणीनं विचारलं.

"ताप उतरला तेव्हापासून." चिमीचा आवाज कोरडा होता. "आधी वाटलं, सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली. वास आलाच नाही. काहीच येत नाही, वहिनी. जेवण म्हणजे नुसतं गरम, गार, खारट, गोड. कापूस खाल्ल्यासारखं."

"आणि भट्टी?"

"घड्याळ लावते. रंग बघते. पाव पालथा करून बुडावर टिचकी मारते, पोकळ वाजला की झाला. जमतं सगळं." ती थांबली. "जमत नाही. परवा एक घाणा करपला आणि मी शेजारी उभी होते. धूर दिसला तेव्हा कळलं."

"लोकांना सांगितलंस?"

"कुणाला सांगू? ज्या पोरांना मी उठता बसता विचारलं, नाक आहे का बटाटा, त्यांना? आता बटाटा माझाच झाला म्हणून?"

मास्तरणीला हसू आलं आणि ते तिनं लपवलं नाही. चिमीनं तिच्याकडे रागानं बघितलं आणि मग तिलाही हसू फुटलं. बघता बघता त्या हसण्याचं रडणं झालं. मास्तरणीनं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तिला रडू दिलं. पाठीवरून हात फिरवला.

चिमीनं नाक शिंकरल्यावर ती म्हणाली, "आता ऐक. वर तुझ्या घरात गॅस आहे. तो सुटला तर तुला कळणार नाही. आज गॅसचा भोंगा विकत घ्यायचा आणि आजच बसवायचा. उद्या डॉक्टर. आणि भट्टीवरच्या लोकांना तू स्वतः सांगायचं."

"आणि ते हसले तर?"

"हसू देत. तू त्यांना पगार देतेस, पाव करायला. हसून झालं की करतील."

चिमीनं त्याच संध्याकाळी सांगून टाकलं. पिठानं पांढऱ्या झालेल्या टेबलापाशी उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलली. कुणी हसलं नाही. भट्टी सांभाळणारे काका हात पुसत म्हणाले, "आम्हाला वाटत होतं, तुम्ही आमच्यावर रुसलात. हल्ली दारातून ओरडतच नाही." पीठ मळणारी मुलगी म्हणाली, वासाचं मी बघते. चिमीनं सवयीनं विचारलं, "नाक आहे ना?" आणि मग मात्र सगळे हसले, ती धरून.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या होत्या. त्यांनी नळीनं आत बघितलं, तापाचं सगळं विचारलं. "आत अडथळा काही नाही," त्या म्हणाल्या. "तापानं वासाच्या नसा दुखावल्यात. बऱ्याच जणांच्या त्या हळूहळू सावरतात. सगळ्यांच्याच सावरतात असं नाही. पण त्यांना व्यायाम देता येतो. तीन-चार वेगवेगळ्या जातीचे वास घ्यायचे, रोज सकाळ-संध्याकाळ, लक्ष देऊन. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी अशी तेलं मिळतात का बघा."

मास्तरीण म्हणाली, "आहेत. पेटीच आहे."

तिनं पेटी घरी आणली आणि रिकामी केली. बाम, मीठ, फवारा, सगळं बाहेर काढून कपाटात ठेवलं. आता भेट वेगळी होती आणि ती दुसऱ्यांदा करायची होती. झाकणाच्या चार बरण्या घेतल्या, प्रत्येकीत कापसाचा बोळा, बोळ्यावर एकेका तेलाचे थेंब. अंगाला काही लावायचं नाही, नुसतं झाकण उघडायचं आणि हुंगायचं. चिठ्ठ्या या वेळी तिनं स्वतः लावल्या, आधी हुंगून. नवरा शेजारी उभा राहून तिचं वाकडं अक्षर बघत होता, पण बोलायचं धाडस त्यानं केलं नाही.

सकाळच्या पहिल्या शिकवणीआधी ती बेकरीवर जायला लागली. जिन्याखालच्या छोट्या टेबलापाशी दोघी बसत. चिमी एक बरणी उघडायची, डोळे मिटून हळूहळू श्वास घ्यायची.

"काय?"

"काही नाही."

"गुलाब आठव. गुलाब कसा असतो ते आठव आणि मग श्वास घे."

"आठवतोय. आठवतो आणि येत नाही. याच्यापेक्षा न आठवलेला बरा."

"पुढची बरणी."

दिवसामागून दिवस असे गेले. एका सकाळी चिमीनं बरणी टेबलावर आपटली. "मी रोज कापूस हुंगतेय, वहिनी. तू येतेस, मला वेडीला हुंगायला लावतेस आणि जातेस. पुरे झालं."

मास्तरणीनं घड्याळ बघितलं नाही की समजावलंही नाही. "माझ्याकडे सध्या एक बँकेचे साहेब शिकताहेत," ती म्हणाली. "चढावर गाडी रोज बंद पाडतात. मागून भोंगे, शिव्या. रोज म्हणतात, उद्यापासून येत नाही. आणि रोज येतात."

"आली का त्यांना गाडी?"

"नाही अजून."

"मग?"

"मग काय. उद्या परत चढ." तिनं बरणी सरळ केली. "लवंग राहिलीय तुझी."

चिमीनं बरणी ओढून घेतली आणि लवंग हुंगली. काही आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मास्तरीण पोचली तेव्हा बरण्या आधीच मांडलेल्या होत्या.

पहिला वास आला तो चुकीचा. गुलाबाची बरणी उघडून चिमीनं तोंड वाकडं केलं. "जळक्या प्लास्टिकसारखं काहीतरी. शी." मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. चिमीनं परत हुंगलं, परत तोंड वाकडं केलं, आणि त्या घाणीवर अशी खूश झाली की भट्टीवरच्या प्रत्येकाला बोलावून सांगितलं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, असं होतं, नसा पुन्हा जुळताना आधी चुकतात; चालू ठेवा. लिंबू आलं तेही तसंच, गंजलेल्या लोखंडासारखं. निलगिरी मात्र थेट आली, एके दिवशी अचानक, थोडी, पण निलगिरीच. त्या दिवशी चिमीनं वहिनीला जाऊ दिलं नाही. शिकवणीला उशीर झाला आणि साहेब फुटपाथवर उभे राहिले.

आणि मग तो रविवार आला. चिमी भावाकडे जेवायला आली होती, हल्ली ती पुन्हा येऊ लागली होती. भाऊ नुकताच आला होता. थकबाकीदारांच्या मीटरांसाठी त्याला सुट्टीच्या दिवशीही जिने चढायला लावले होते. त्यानं दारात बूट काढले आणि हुश्श करून खुर्चीत बसला, पाय लांब करून. चिमी ताटं मांडत होती. ती हातात ताट घेऊन थांबली.

"दादा," ती म्हणाली, "तुझे मोजे."

"काय झालं मोज्यांना?"

"तुझ्या मोज्यांचा घाण वास येतोय."

भावाला आधी लाज वाटली. तो पाय खुर्चीखाली ओढून घ्यायला लागला, आणि मग अर्ध्यातच थांबला. मास्तरीण स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हातात पळी तशीच.

"उठू नकोस," चिमी म्हणाली. "तसाच बस." ताट खाली ठेवून ती वाकली आणि तिनं पुन्हा श्वास घेतला, जणू खात्री करत होती. "मोजेच. दिवसभर घातलेले, ओले झालेले मोजे. दुसरं काही नाही. जसे असतात तसे."

"लहानपणीपण तू हेच म्हणायचीस," भाऊ म्हणाला. त्यानं पाय पुन्हा लांब केले आणि हवे तेवढे घे, अशा थाटात तसाच बसून राहिला.

जेवण बाजूला राहिलं. चिमी घरभर फिरली. टॉवेल हुंगला, काही नाही. साबण, अगदी पुसट. फडताळातली कॉफी, काही नाही. ओलं पोतेरं, हो. पुस्तकं, नाही. मांजर, जरासं, आणि मांजरानं ते मनावर घेतलं नाही. मास्तरीण तिच्यामागून फिरत होती आणि प्रत्येक "हो"ला मान डोलवत होती, गाडी नीट लावल्यावर विद्यार्थ्याला डोलवावी तशी. आतून मात्र तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं, आणि पोतेऱ्यावर येऊन ती हसलीच.

सगळं काही परत आलं नाही. व्हॅनिलाचा वास चिमीला आजही येत नाही. केकचं मिश्रण पीठ मळणारी मुलगीच बघते, आणि चिमीनं तिला त्या कामावर कायमचं नेमलं आहे. भाजलेल्या पावाचा वास आला तो थंडीत, अगदी हळू, आधी नुसता गोडसर, मग कवचाचा. तो आला त्या सकाळी चिमीनं वहिनीला फोन केला नाही. गरम पाव कापडात गुंडाळून ती स्वतःच चालत आली. मास्तरीण गाडीशी उभी होती, एका नव्या बाईला आरसा कसा लावायचा ते दाखवत. चिमीनं पाव तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आज तळचा ट्रे मी दारातून काढायला लावला."

मास्तरणीनं पाव मोडला, अर्धा नव्या बाईला दिला, अर्धा स्वतः तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. "कडा करपल्या होत्या का?"

"लागल्या होत्या."

"मग बरोबर," मास्तरीण म्हणाली आणि नव्या बाईसाठी गाडीचं दार उघडलं.